दुहेरी कापड

समुद्रात प्रवाळांच्या, स्पंजांच्या अंगावर आणि पोटात राहणारे, डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव असंख्य आहेत. झिंग्या-खेकड्यांचे हे नातलग. आम्हा नांदेड-लातूरकरांना समुद्र लांबचा. पण याच कुळातला सायक्लॉप्स आमच्या बारवांत होता. इथे मात्र तो कुणाकडे राहत नव्हता, त्याच्याच अंगात नारू या जंताचं बिऱ्हाड होतं.

सायक्लॉप्स एक-दोन मिलिमीटरचा. एकच डोळा, मादीच्या शेपटीशी अंड्यांच्या दोन पिशव्या. नारूच्या फोडाची आग असह्य होऊन माणूस पायऱ्या उतरायचा, पाय पाण्यात बुडवायचा. पाणी लागताच फोडातली जंताची मादी लाखो पिल्लं सोडायची. सायक्लॉप्स ती खायचा. दोन आठवड्यांत पिल्लू त्याच्या अंगात तयार व्हायचं आणि घागरीतून माणसाच्या पोटात जायचं. वर्षभराने मीटरभर लांब जंत पायातून बाहेर यायचा. तो काडीला गुंडाळत रोज थोडा थोडा ओढायचा. तुटला की पाय सुजायचा, पिकायचा. ऐन पेरणीत घरातला कर्ता माणूस खाटेवर पडायचा.

सायक्लॉप्सला यात काय मिळायचं? काहीच नाही. जास्त पिल्लं गिळली तर तोही मरायचा. त्याच्यावर राग धरावासा मला कधी वाटला नाही.

हे नातं रशियन संशोधक फेडचेन्को यांनी 1870 मध्ये उलगडलं. नारूवर ना लस होती ना औषध, आजही नाही. म्हणून साखळी तोडायची ती सायक्लॉप्सपाशीच. 1983-84 पासूनच्या राष्ट्रीय मोहिमेत पायऱ्यांच्या विहिरींत सायक्लॉप्स मारणारं टेमेफॉस हे कीटकनाशक टाकलं गेलं, हातपंप आले, आणि पाणी दुहेरी कापडातून गाळून पिण्याचं घरोघर सांगितलं गेलं. सायक्लॉप्स कापडावर अडकतो, एवढंच त्यामागचं शास्त्र. देशातला शेवटचा रुग्ण 1996 मध्ये राजस्थानात सापडला. फेब्रुवारी 2000 मध्ये भारत नारूमुक्त ठरला.

माझ्या आजीच्या पोटरीवर नारूचा वण होता. रांजणाच्या तोंडावर ती धोतराचं धडपं दुहेरी करून बांधायची, आणि नळ आल्यावरही ते तिने सोडलं नाही. डॉक्टर, आरोग्यसेवक यांचे कष्ट मोठेच. पण माझ्या मते हा रोग हटवला तो रोज न चुकता पाणी गाळणाऱ्या बायकांनी. त्यांची नावं कुठल्याच फलकावर नाहीत.

तुमच्या घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल, तर नारूबद्दल विचारा. ते जे सांगतील ते लिहून ठेवा.