एका अक्षराचे अंतर

मातृभाषा माणूस शिकत नाही. ती त्याला येत जाते. लहानपणीच्या बोबड्या बोलांचे घरात कौतुक होते, चुकलेल्या शब्दांच्या गोष्टी पुढे वर्षानुवर्षे सांगितल्या जातात. परभाषेचे तसे नसते. ती मोठेपणी, कष्टाने शिकावी लागते आणि तिच्यातील बोबडेपणाचे कौतुक करायला कोणी आजी शेजारी बसलेली नसते. मुलाला चूक म्हणजे खेळातील पडझड वाटते. मोठ्या माणसाला ती अब्रूची गोष्ट वाटते. म्हणूनच अनेक प्रौढ माणसे नवी भाषा वाचू लागतात, लिहूही लागतात. पण बोलायची वेळ आली की मुकी होतात.

पुण्यात राहणाऱ्या एका गृहिणीने वयाच्या ५२व्या वर्षी स्पॅनिश शिकायला सुरुवात केली. त्यांची मुलगी नोकरीसाठी मेक्सिकोतील ग्वादालाहारा या शहरात गेली आणि तिने तेथेच विवाह केला. विहीणबाईंना स्पॅनिशखेरीज दुसरी भाषा येत नव्हती. लग्नात दोघी विहिणी एकमेकींचे हात हातात घेऊन नुसत्या हसत राहिल्या. नातू झाल्यावर मात्र हसण्यावर भागेना. त्याला दात येताना काय द्यावे, त्याची झोप कशाने मोडते, हे सारे प्रत्येक वेळी मुलीला दुभाषी करून विचारणे बाईंना अवघड वाटू लागले. शेवटी एके दिवशी वही-पेन घेऊन त्या शिकवणीच्या वर्गात जाऊन बसल्या. वर्गातील बाकीचे विद्यार्थी विशीतले होते.

बाईंच्या मनात एक भीती होती आणि ती जुनी होती. त्यांचे बालपण वऱ्हाडातील एका खेड्यात गेले. आठवीत असताना मामांनी त्यांना शिक्षणासाठी शहरात आणले. वऱ्हाडी बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो आणि ‘ळ’च्या जागी पुष्कळदा ‘य’ येतो. ‘पाणी’चे ‘पानी’, ‘डोळा’चा ‘डोया’. गावात सगळेच असे बोलत. शहरातील वर्गात मात्र धडा वाचताना त्यांनी ‘डोयात पानी आले’ असे म्हटले आणि सारा वर्ग हसला. गुरुजीही हसले. त्या दिवसानंतर त्या मुलीने वर्गात तोंड उघडले नाही. नववीत शाळा सुटली. त्याला घरची परिस्थिती कारणीभूत होती, असे त्या सर्वांना सांगत; पण वर्गातील ते हसू त्यांच्या कानांतून कधी गेले नाही.

स्पॅनिशची सुरुवात मात्र सोपी गेली. या भाषेतील ‘त’ आणि ‘द’ मराठीसारखेच जिभेचे टोक दातांना लावून उच्चारायचे असतात. आ, ए, इ, ओ, उ असे पाचच मुख्य स्वर, तेही ओळखीचे. शब्दही अगदी परके वाटेनात. पोर्तुगीज ही स्पॅनिशची बहीण आणि तिने मराठीला ‘पाव’, ‘पगार’, ‘बटाटा’ असे शब्द दिलेले. स्पॅनिशमध्ये पावाला ‘पान’ म्हणतात, ‘पागार’ म्हणजे पैसे देणे आणि स्पेनमध्ये बटाट्याला ‘पाताता’ म्हणतात, हे कळल्यावर बाईंना माहेरच्या वाटेवरची झाडे दिसल्यासारखे वाटले.

मग एकेक गंमत उघड होऊ लागली. या भाषेत ‘ह’साठी असलेले अक्षर लिहायचे, पण उच्चारायचे नाही. नमस्काराचा शब्द ‘होला’ असा लिहितात आणि ‘ओला’ असा म्हणतात. ‘मेक्सिको’ हे नाव तेथील लोक ‘मेखिको’ असे उच्चारतात. ‘पेरो’ म्हणजे ‘पण’. त्यातील ‘र’ जिभेवर घोळवला की ‘पेर्रो’ म्हणजे कुत्रा होतो. ‘कान्सादा’ म्हणजे थकलेली आणि ‘कासादा’ म्हणजे विवाहित. “मी आज फार विवाहित झाले आहे,” असे बाई एकदा म्हणाल्या, तेव्हा वर्ग हसला आणि त्याही हसल्या. आणखी एका गोष्टीने तर त्या चकित झाल्या. लेखनात जेथे ‘ल’ दोनदा येतो, तेथे मेक्सिकोतील लोक सरळ ‘य’ म्हणतात. चावी लिहिताना ‘ल’, बोलताना ‘याबे’. म्हणजे वऱ्हाडातील ‘डोया’ तेथे असता, तर त्याला कोणी हसले नसते!

पण खरी फजिती पुढेच होती. विहीणबाईंना स्वतःच्या हाताने काही लिहावे, अशी बाईंना हौस वाटली. त्यांनी आपल्या कुटुंबाची ओळख करून देणारे चार ओळींचे पत्र मोबाइलवर लिहिले आणि मेक्सिकोतील सर्व नातेवाइकांना एकदम पाठवून दिले. ‘माझे वडील ७८ वर्षांचे आहेत,’ असे त्यांना लिहायचे होते. स्पॅनिशमध्ये वडिलांना ‘पापा’ म्हणतात. त्यातील दुसऱ्या स्वरावर आघात असतो आणि तो दाखवण्यासाठी अक्षरावर तिरकी रेघ देतात. रेघ दिली नाही, तर आघात पहिल्या स्वरावर जातो आणि ‘पापा’चा अर्थ मेक्सिकोत ‘बटाटा’ होतो. वर्षाला ‘आन्यो’ म्हणतात. त्यात आपल्या ‘ञ’शी मिळताजुळता उच्चार असून तो दाखवण्यासाठी ‘न’च्या डोक्यावर लहानशी लाट काढतात. ती लाट विसरली की ‘आनो’ हा शब्द उरतो आणि तो शरीराच्या अशा भागाचे नाव आहे, की जे चारचौघांत घेतले जात नाही. बाई रेघही विसरल्या आणि लाटही. परिणामी, आपल्या घरी एक बटाटा असून त्याला ‘ते’ ७८ आहेत, अशी वार्ता सातासमुद्रापलीकडे पोहोचली.

“आई, अगं काय लिहिलंस हे!” मुलीचा हसत हसतच फोन आला. अर्थ समजला तेव्हा बाईंचा चेहरा उतरला. हसणाऱ्यांत प्रेम होते, हे त्यांना कळत होते. पण कानांत आठवीचा वर्ग घुमू लागला. दोन आठवडे त्या शिकवणीला गेल्या नाहीत.

त्या लाटेमागे केवढा इतिहास आहे, हे त्यांना तेव्हा ठाऊक नव्हते. लॅटिनमध्ये वर्षाला ‘आन्नुस’ म्हणत. त्यातील जोड ‘न’ लिहिताना मध्ययुगातील लेखनिक जागा आणि श्रम वाचवण्यासाठी एकच ‘न’ लिहीत आणि दुसऱ्याची खूण त्याच्या डोक्यावर करीत. आपल्याकडे ‘र’ जसा रफार होऊन पुढच्या अक्षराच्या डोक्यावर बसतो, तसाच हा प्रकार. पुढे उच्चारही बदलला आणि ही खूण स्पॅनिशचे स्वतंत्र अक्षरच झाली. १९९१ साली, संगणकाच्या कळफलकावर हे अक्षर सक्तीचे करणारा स्पेनचा नियम युरोपीय समुदायाच्या व्यापारधोरणाआड येऊ लागला, तेव्हा मोठा वाद झाला. १९९३ साली स्पेनने स्वतंत्र हुकूम काढून ते अक्षर राखले. भाषेतील एखादी बारीक खूण माणसांना किती जिव्हाळ्याची असते, याचे हे उदाहरण आहे.

पंधराव्या दिवशी विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. नातू त्यांच्या मांडीवर होता. समोर कागद धरून त्या एकेक अक्षर जुळवीत मराठीत म्हणाल्या, “बालाला पानी दिले. बालाने केली खाल्ली.”

स्पॅनिशमध्ये ‘ण’ नाही आणि ‘ळ’ही नाही. त्या बापड्या बाईंनी ‘बाळ’, ‘पाणी’, ‘केळी’ हे शब्द परोपरीने घोकले असणार; पण जीभ वळली नव्हती. क्षणभर बाई स्तब्ध झाल्या. जो शब्द उच्चारल्याबद्दल एका मुलीची वाचा बंद झाली होती, तोच शब्द हजारो मैलांवरून, प्रेमाने भरून, त्यांच्याकडे परत आला होता. त्यांना हसू आले नाही. हा चुकलेला शब्द आहे, असेही वाटले नाही. आपल्यासाठी कोणी एवढे कष्ट घेतले, एवढेच जाणवले. डोळ्यांत आलेले पाणी पुसत त्या मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये बोलू लागल्या. दुसऱ्या दिवशी त्या वर्गात हजर होत्या.

चुका त्यानंतरही झाल्या. ‘कोसेर’ म्हणजे शिवणे आणि ‘कोसेर’ म्हणजेच शिजवणे. मेक्सिकोत दोन्हींचा उच्चार एक, लेखन मात्र वेगळे. ‘मी रोज सकाळी भात शिवते,’ असे बाईंनी लिहून पाठवले, तेव्हा विहीणबाईंनी कळवले, की ही चूक आमच्याकडची माणसेही करतात.

ते खरेच आहे. कोलंबियाचे कादंबरीकार गाब्रिएल गार्सिया मार्केस यांना १९८२ साली साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. स्पॅनिशला जगभर वाचक मिळवून देणाऱ्या या लेखकाचे शुद्धलेखन कच्चे होते. त्यांनी आईला पाठवलेली काही पत्रे आई चुका दुरुस्त करून परत पाठवीत असे, असे त्यांनी २००२ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मकथनात सांगितले आहे. १९९७ साली मेक्सिकोतील साकातेकास येथे भरलेल्या परिषदेत तर त्यांनी शुद्धलेखनालाच निवृत्ती द्यावी आणि न उच्चारला जाणारा ‘ह’ पुरून टाकावा, असे सुचवून खळबळ उडवून दिली. त्यांची सूचना कोणी स्वीकारली नाही. ‘ह’ अजून लिहिला जातो, उच्चारला जात नाही.

नियम हवेतच. एका लाटेने वर्षाचे काय होते, हे बाईंइतके कोणाला कळणार? मराठीतही ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब. वेलांटी चुकली की अर्थ पालटतो. म्हणून चूक दाखवावी आणि दुरुस्तही करावी. मात्र ती दाखवणारा मार्केस यांच्या आईसारखा आहे की आठवीच्या वर्गासारखा, यावर शिकणाऱ्याचे पुढचे आयुष्य अवलंबून असते. आईने दुरुस्त केलेली पत्रे येत राहिली, तरी मुलगा लिहीत राहिला. वर्ग हसला आणि एक मुलगी चाळीस वर्षे गप्प राहिली.

आता बाईंचा नातू बोलू लागला आहे. तो एका आजीला ‘पाणी’ मागतो, दुसरीला ‘आग्वा’. घाईत कधी दोन्ही शब्द एकत्र करतो. दोन्ही आज्या हसतात आणि दोघीही त्याला पाणीच देतात.