आधी स्टेशन, मग हॉटेल

पत्र पहिले
दादर, मुंबई

प्रिय गडीहो,

मुंबईतल्या शनिवार-रविवारच्या मुक्कामासाठी तुम्ही काढलेली हॉटेलांची यादी पाहिली. फोर्ट आहे, अंधेरी आहे, वाशी आहे. प्रत्येकापुढे भाडं आणि खोलीचे फोटो आहेत. कोणतं हॉटेल कोणत्या स्टेशनपासून किती पावलांवर आहे, तेवढंच कुठे लिहिलेलं नाही, आणि माझ्या मते निवड तिथूनच सुरू व्हायला हवी. ताडोब्याला येणाऱ्या पाहुण्यांना आपण काय सांगतो? आधी गेट ठरवा, मग रिसॉर्ट. सफारी कोलाऱ्याची आणि मुक्काम मोहर्लीला असला, की पहाटेची वेळ जंगलाऐवजी रस्त्यावर जाते. मुंबईत गेटची जागा स्टेशन घेतं. खोली थोडी डावी-उजवी निघाली तरी निभावतं. स्टेशन चुकलं तर दोन्ही दिवस प्रवासात जातात.

हातात वेळ किती आहे, ते आधी बघा. पोंभुर्ण्याहून नागपूर गाठायचं, शुक्रवारी संध्याकाळी तिथून विदर्भ एक्स्प्रेस धरायची, शनिवारी सकाळी मुंबई. परतीची तीच गाडी रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास सीएसएमटीहून सुटते. म्हणजे मुंबई तुमच्या वाट्याला येते जेमतेम दीड दिवस. अंधेरीहून चर्चगेट सुमारे 22 किलोमीटर, वाशीहून सीएसएमटी 30 च्या आसपास. दादरहून मात्र सीएसएमटी सुमारे 9 आणि चर्चगेट सुमारे 10 किलोमीटर, लोकलने वीसेक मिनिटांचं अंतर. एकट्या माणसाला हा फरक फारसा जाणवत नाही. घोळक्याची चाल मात्र सगळ्यात मागे राहिलेल्या माणसाच्या चालीने ठरते. कुणाचं तिकीट राहतं, कुणी महिलांच्या डब्यात, कुणी दुसऱ्याच दारातून चढलेलं. टॅक्सीत चौघंच बसतात, म्हणजे सहा जणांना दोन टॅक्सी. रिक्षा तर वांद्रे आणि शीवच्या दक्षिणेला येतच नाही. अंतर वाढलं की यातली प्रत्येक अडचण वाढते.

म्हणून माझं मत दादरच्या बाजूने आहे. मध्य आणि पश्चिम हे दोन्ही मार्ग इथे एकमेकांना भेटतात आणि पादचारी पुलावरून एकावरून दुसऱ्यावर जाता येतं. याचं खरं मोल रविवारी कळतं. रूळ आणि ओव्हरहेड वायरच्या दुरुस्तीसाठी रेल्वे रविवारी मेगाब्लॉक घेते. तो बहुधा सकाळी अकराच्या सुमारास सुरू होतो आणि दुपारी चारच्या आसपास संपतो. जलद गाड्या धीम्या मार्गावर वळवल्या जातात आणि हार्बरवर काही टप्प्यांत गाड्याच बंद राहतात. वाशीला उतरलेल्या मंडळींचा निम्मा रविवार अशा वेळी अडकून पडतो. दादरला एक मार्ग खोळंबला तर दुसरा सहसा हाताशी असतो. शिवाय ऑक्टोबर 2025 पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो पूर्ण सुरू झाली आहे. तिच्यावर दादर आहे, सिद्धिविनायक आहे आणि सीएसएमटी, हुतात्मा चौकही आहेत.

तुमचा,
मुंबईतला गडी

पत्र दुसरे
दादर, मुंबई

प्रिय गडीहो,

तुमचे आक्षेप पोचले. पहिला असा, की पाहायच्या जागा फोर्ट-कुलाब्यात असताना मुक्काम दादरला कशाला? आक्षेप वजनदार आहे. गेटवे, वस्तुसंग्रहालय, 2004 साली जागतिक वारसा ठरलेली सीएसएमटीची इमारत, 2018 साली त्याच यादीत गेलेला ओव्हलच्या कडेचा इमारतींचा समूह, हे सगळं तिकडेच आहे. पण ते दिवसा पाहायचं असतं, आणि दिवसा लोकल चालू असते. मुक्कामाची जागा रात्रीच्या सोयीने निवडावी. फोर्टातली पुष्कळ उपाहारगृहं कचेऱ्यांच्या जिवावर चालतात, त्यामुळे रविवारी त्या गल्ल्यांत नाश्त्यासाठी वणवण होते. दादरला शनिवार-रविवार म्हणजे ऐन गजबजीची वेळ. गाडीतून उतरल्यावर बॅगा हॉटेलच्या काउंटरवर ठेवायच्या, कारण खोली बहुधा दुपारी बारालाच मिळते. मग चालतच ‘प्रकाश’मध्ये साबुदाणा वडा आणि पियूष, नाहीतर ‘आस्वाद’ची मिसळ. केशवसुत पुलाखालचा फुलबाजार पहाटेपासून भरलेला असतो: झेंडूचे ढीग, ओल्या गोणपाटात गुंडाळलेले गुलाब, आणि डोक्यावर पाटी घेऊन वाट मागत जाणारे हमाल.

रात्रीचं आणखी एक कारण आहे आणि ते खास आपलं आहे. झाडीपट्टीत नाटक रात्री सुरू होऊन उजाडेपर्यंत चालतं. घरी कसं जायचं याची चिंता प्रेक्षकाला नसते. मुंबईत प्रयोग अकराच्या आसपास सुटतो आणि लगेच प्रत्येक जण घड्याळाकडे बघतो. शेवटच्या लोकल एकच्या सुमारास जातात, त्यानंतर पहाटेपर्यंत रेल्वे बंद. शिवाजी मंदिर नाट्यगृह दादर स्टेशनपासून काही मिनिटांच्या चालीवर आहे. मुक्काम इथे असला तर शेवटच्या अंकात जीव रमतो आणि बाहेर पडल्यावर नाटकाबद्दल भांडायलाही सवड मिळते. मित्रांबरोबरच्या सहलीतला हाच वेळ मला सगळ्यात मोलाचा वाटतो.

दुसरा आक्षेप पैशांचा: तेवढ्याच भाड्यात उपनगरात मोठी खोली मिळते. मिळते, हे खरं. पण हिशोब भाड्यावर थांबवू नका. फेब्रुवारी 2025 पासून काळ्या-पिवळ्या टॅक्सीचं किमान भाडं 31 रुपये आहे आणि ते पहिल्या दीड किलोमीटरपुरतंच. रात्री उशिरा दोन टॅक्सी करून अंधेरी गाठली, तर खोलीत वाचलेले पैसे रस्त्यात जातात. मुक्काम जवळ असण्याचा त्याहून मोठा फायदा म्हणजे दुपारी परत येता येतं. कुणाला तासभर पडायचं असतं, कुणाला रानडे रोडवर खरेदी करायची असते, कुणाला शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर बसायचं असतं. सगळ्यांनी सगळीकडे एकत्र जाण्याची सक्ती झाली की सहल रटाळ होते आणि मैत्रीवर ताण येतो. पायी पोचण्यासारखी खोली असली तर घोळका सुटतो आणि संध्याकाळी पुन्हा जमतो.

तिसरा आक्षेप गर्दीचा आणि गोंगाटाचा. तो मी नाकारत नाही. आपल्याकडच्या रात्रीची सवय असलेल्याला दादरची पहिली रात्र जड जाईल. त्यावर उपाय आहेत: रस्त्याकडची खोली नको म्हणून आधीच सांगा, आणि शिवाजी पार्कच्या बाजूला, स्टेशनपासून थोडं आत हॉटेल बघा. पावसाळ्यात आलात तर पश्चिमच घ्या, कारण पूर्वेला हिंदमाता भागात पाणी तुंबतं. 6 डिसेंबरच्या आसपासची तारीख मात्र टाळा. तेव्हा चैत्यभूमीवर देशभरातून लोक येतात, आणि ती जागा व तिथल्या सोयी त्यांच्यासाठी मोकळ्या असाव्यात. कुणाला अभिवादनासाठीच यायचं असेल तर गोष्ट वेगळी. मग ती सहल नव्हे. बरोबर वयस्कर मंडळी असतील, त्यांना जिने झेपत नसतील आणि फक्त समुद्रच बघायचा असेल, तर फोर्ट-कुलाबा योग्य, हे मीही मान्य करतो.

आता एवढं करा. आधी नाटकाची तारीख बघा आणि तिकिटं काढा. मग हॉटेलला फोन करून विचारा: पूर्व की पश्चिम, स्टेशनपासून पायी किती मिनिटं, सगळ्या खोल्या एकाच मजल्यावर मिळतील का, जादा गादीचे किती. जाहिरातीतल्या ‘दादरजवळ’वर विसंबू नका, तो पत्ता पुष्कळदा परळचा, वडाळ्याचा किंवा शीवचा निघतो. पायी दहा मिनिटांच्या आत असेल तरच पैसे भरा, मग खोली फोटोत लहान दिसली तरी चालेल.

तुमचा,
मुंबईतला गडी