ऐनाच्या झाडावरचे रेशीम

भिंगारला आमच्या शेजारी लग्न होते. नवरीच्या मावशीने टसरची साडी नेसली होती, काठावर करवतीसारखे दाते. बायका किंमत विचारत होत्या. आमच्या मुलीने मात्र विचारले, "बाबा, हे रेशीम पण तुतीच्याच किड्याचे का?" आम्हाला उत्तर देता आले नाही.

पुढे ऑक्टोबरात नागपूरला जाणे झाले, तेव्हा एक दिवस जास्त राहिलो. पहाटेच्या एस.टी.ने उमरेड, नागभीड, ब्रह्मपुरी करत वैनगंगा ओलांडली आणि गडचिरोली जिल्ह्यातल्या आरमोरीला उतरलो.

इकडे टसरला 'कोसा' म्हणतात. तुतीचा किडा घरात वाढतो, कोशाचा किडा जंगलात, ऐन आणि अर्जुनाच्या पानांवर. ढिवर समाजातील कुटुंबे हे काम पिढ्यान्‌पिढ्या करीत आली आहेत. जंगलाच्या कडेला त्यांच्या एका खोपीत आम्ही बसलो. अंडी फुटली की किडे झाडावर सोडायचे. एका झाडाची पाने संपली की फांदीसकट दुसऱ्या झाडावर न्यायचे. महिना-सव्वा महिना हेच. कावळा, मुंगळा, गांधीलमाशी सगळे टपलेले. म्हातारे बाबा हातातली गोफण खाली ठेवीत नव्हते.

"रात्री तरी घरी जाता ना?" आम्ही विचारले.

"पाखरं सुटी घेतेत का जी, भाऊ?" ते हसले.

चार वेळा कात टाकून किडा बोटाहून जाड होतो, आणि दांडी असलेला टणक कोश विणून फांदीला लटकतो. बहुतेक कोश उकळून सूत काढतात. आतला जीव तिथेच संपतो. हे ऐकून आम्ही क्षणभर गप्प झालो. थोडे कोश बियाण्याला राखतात. त्यांतून मोठा पतंग निघतो, पंखांवर काचेसारखे गोल डाग. त्याला खाण्याजोगे तोंडच नसते. आठवडाभर जगून, अंडी घालून तो मरतो. दूर दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातही याच कुळातले, पंखांना पारदर्शक खिडक्या असलेले पतंग आहेत. जात दूरची, पण गोत एकच!

आम्ही पडलो कारकून, हिशेबाची सवय. परतीच्या गाडीत त्या साडीचा हिशेब कागदावर मांडू लागलो: कोश, सूतकताई, विणकर, व्यापारी, दुकान. प्रत्येकाला रकाना होता. जागून काढलेल्या रात्रींना रकाना सापडेना. कावळ्याने नेलेले किडे कोणाच्या खात्यावर? अवकाळी पावसाने पीक गेले तर? सगळे नुकसान त्या खोपीच्याच माथी.

घरी येऊन मुलीला उत्तर दिले, "तुतीचे नाही, बाळ. ऐनाचे. आणि राखणदाराच्या झोपेचे."

वाचकहो, टसर घेताना किमतीची घासाघीस जरूर करा. पण ते कोणत्या जंगलातून आले आणि कोशवाल्याला काय मिळाले, हेही दुकानदाराला एकदा विचारा. ऐन तुटला तर कोसा संपेल, आणि राखणदाराला पोटापुरते मिळाले नाही तरीही संपेल.