आत्याबाईंचे समुद्रयान

आमच्या घरात एक अलिखित नियम अठ्ठ्याहत्तर वर्षे पाळला गेला. पाण्यावरून प्रवास करावयाचा नाही, हा तो नियम. आमचे मूळ गाव अलिबाग तालुक्यातले आणि बिऱ्हाड मुंबईस. गेटवेवरून लाँचमध्ये बसले की तासाभरात पलीकडचा मांडव्याचा किनारा लागतो. २०२० पासून तर भाऊच्या धक्क्यावरून मोटारही जहाजात घालून नेता येते. तथापि आमची मंडळी गावी जावयाची ती पनवेल, पेण, वडखळ असा वळसा घेऊनच. शेजारी थट्टा करीत, आणि आम्ही ती निमूटपणे ऐकून घेत असू.

धर्मशास्त्रातील समुद्रयाननिषेधाशी या नियमाचा काडीमात्र संबंध नव्हता. आनंदीबाई जोशी १८८३ साली समुद्र ओलांडून वैद्यकी शिकावयास अमेरिकेस गेल्या, त्यास सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली. आमच्या घरातीलही दोन पिढ्या परदेशी जाऊन आल्या आहेत, परंतु विमानाने. नियमाचे कारण निराळे होते. दिनांक १७ जुलै १९४७ रोजी सकाळी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ नावाची सुमारे चारशे टनांची आगबोट वाटेत गल बेटापाशी वादळात सापडून बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यांत आमचे आजोबा होते.

ती आषाढ अमावास्या, दिव्यांची अवस. आजोबा मुंबईस एका कचेरीत कारकून; सणापुरती रजा काढून घरी येत होते. आजीने घरातील समया, निरांजने, लामणदिवे घासून पाटावर मांडले होते, कणकेचे दिवे उकडावयास ठेवले होते. बोटीवर बिनतारी यंत्र नव्हते, त्यामुळे दुर्घटनेची वार्ता मुंबईसदेखील दुपार उलटून गेल्यावर पोहोचली. रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या त्या उसळत्या पाण्यात घालून कित्येकांना वर काढले. आमचे आजोबा मात्र त्यांत नव्हते. आमच्या आत्याबाई त्या वेळी नऊ वर्षांच्या. दिवे लावून त्या रात्रभर ओटीवर बसल्या होत्या, असे त्यांनी आम्हांस एकदाच सांगितले. पुन्हा त्या विषयावर बोलल्या नाहीत. पुढे त्या शिक्षिका झाल्या, सेवानिवृत्त झाल्या, आणि आज सत्याऐंशीव्या वर्षीही घरातील शेवटचा शब्द त्यांचाच असतो.

थोरल्या बंधूंची साठी झाली तेव्हा मुलांनी परस्पर बेत ठरविला. मुंबईहून लक्षद्वीपपर्यंत जाऊन परत येणाऱ्या एका मोठ्या जहाजावर, ज्यास हल्ली सर्वत्र क्रूझ म्हणतात, साऱ्या कुटुंबाने सुट्टी घालवावी. घरात पंधरा दिवस धुसफुस चालली. आत्याबाईंना सांगावे कसे, हाच प्रश्न. अखेर सूनबाईंनी धीर करून सांगितले आणि लगेच म्हणाल्या, “तुम्ही नको म्हणालात तर रद्द करू.” आत्याबाईंनी हातातील जपमाळ खाली ठेवली. “रद्द कशाला? जा. मात्र मीही येणार. घरी बसून वाट पाहणे मी एकदा केले आहे. पुन्हा करणार नाही.” त्यानंतर कोणी काही बोलले नाही. नऊ जणांची नावे घातली गेली.

गेल्या मार्गशीर्षातील एका दुपारी आम्ही बॅलार्ड पिअरवर दाखल झालो. याच धक्क्यावरून एके काळी विलायतेस जाणाऱ्या आगबोटी सुटत. आता तेथे क्रूझच्या उतारूंसाठी नवे टर्मिनल उभे आहे, ज्याचे उद्घाटन २०२५ साली झाले. सामानास चिठ्ठ्या बांधून ते परस्पर वर रवाना झाले, ओळखपत्रे तपासली गेली, आणि प्रत्येकाच्या हाती एक पत्ता मिळाला. खोलीची किल्ली तोच, हिशेबाची वही तोच, आणि जहाजावर चढल्या-उतरल्याची नोंदही त्याच्यावरच.

तपासणीत आत्याबाईंची पिशवी अडली. आत एक लहान निरांजन, तुपात भिजविलेल्या फुलवाती आणि काडेपेटी. जहाजावर उघडी ज्योत चालत नाही, असे तेथील मुलीने अदबीने सांगितले. आता आत्याबाई रागावणार, असे वाटून आमचे बंधू पुढे झाले. परंतु त्यांनी स्वतःच काडेपेटी काढून टेबलावर ठेवली. “बरोबर आहे हिचे,” एवढेच म्हणाल्या आणि निरांजन परत पिशवीत घातले.

जहाज जवळून पाहिले आणि मोठी माणसेही क्षणभर स्तब्ध झाली. एखादी दहामजली चाळ पाण्यावर आणून उभी करावी, तसा तो देखावा. आत शिरल्यावर झुंबरे, जिने, उद्वाहने, पोहण्याचा तलाव, नाटकगृह. आमची सात वर्षांची नात “पण समुद्र कुठे आहे?” असे पुनःपुन्हा विचारीत होती, आणि तिचा प्रश्न रास्त होता, इतक्या थाटात समुद्र शोधावाच लागतो. भोजनगृहात शाकाहारी पदार्थ वेगळे मांडले होते. वहिनींनी सवयीप्रमाणे कांदा-लसणाची चौकशी केली, तेव्हा जैन पद्धतीचे पदार्थही निराळे असल्याचे कळले. वरण-भात मिळाल्यावर थोरल्या बंधूंचा अर्धा प्रवास सुखरूप झाला. एका दालनात द्यूताचीही सोय होती. त्या बाजूस आमचे कोणी फिरकले नाही.

जहाज सुटण्यापूर्वी सूचना झाली की, आता संकटकाळची कवाईत होईल. सात आखूड आणि एक लांब असा भोंगा वाजला की प्रत्येकाने आपल्या पत्त्यावर छापलेल्या ठिकाणी जमावे. आमच्या धाकट्या पुतण्यास हा प्रकार बालिश वाटला. तो नातीस घेऊन वरच्या डेकवर गेला होता. भोंगा वाजला. आम्ही सात जण ठरल्या जागी येऊन उभे राहिलो. अंगात जीवरक्षक जाकीट कसे घालावे, पट्टा कोठे आवळावा, शिटी कोठे असते, कोणत्या नावेत आपली जागा, हे एक तरुण कर्मचारी दाखवीत होता. हजेरी सुरू झाली. साऱ्या तुकडीत दोनच नावे राहिली, आणि ती दोन्ही आमची.

शंभरावर माणसे आमच्यासाठी ताटकळली होती. कोणी कुरकुरले, कोणी हसले. आम्हांस शरम वाटत होती. परंतु आत्याबाईंकडे पाहिले आणि शरम विसरलो. जाकीट घालून त्या कठड्याला धरून उभ्या होत्या आणि जिन्याच्या दारावरून त्यांची नजर हलत नव्हती. ओठांत काही चालले होते. जवळ गेलो तेव्हा ऐकू आले. “सात... सात... सात...” आपलीच माणसे त्या पुनःपुन्हा मोजीत होत्या.

दहा मिनिटांनी पुतण्या हसतहसत आला. हातात नातीचा हात, दुसऱ्या हातात थंड पेयाचा पेला. “आजी, नुसती रंगीत तालीम तर होती!” तो म्हणाला. आत्याबाईंनी नातीस जवळ ओढले आणि पुतण्याकडे पाहून शांतपणे म्हणाल्या, “बाळ, छत्तीस वर्षे मी वर्गात हजेरी घेतली. एक मूल गैरहजर असले, तर ते कुठे आहे हे कळेपर्यंत मला पाठ शिकविता येत नसे. ‘रामदास’वर अशी हजेरी कोणी घेतली असती आणि कुणाला कळवायची सोय असती, तर निदान आम्हांला संध्याकाळपर्यंत दिवे लावून बसावे लागले नसते.” पुतण्याचा चेहरा उतरला. त्याने पेला खाली ठेवला आणि ते जाकीट कसे घालावयाचे, हे त्या कर्मचाऱ्याकडून पुन्हा समजावून घेतले.

या कवाईतीचा इतिहास आम्ही नंतर चाळला, तो वाचकांस सांगण्यासारखा आहे. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाले, तेव्हा त्यावर दोन हजार दोनशेंवर माणसे होती, आणि सर्व नावा मिळून जागा होत्या १,१७८. त्या अनर्थानंतर १९१४ साली लंडनमध्ये समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. तरीही अनेक वर्षे उतारू चढल्यापासून चोवीस तासांच्या आत कवाईत घेतली तरी चालत असे. १३ जानेवारी २०१२ रोजी इटलीच्या किनाऱ्याजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ हे क्रूझ जहाज खडकावर आदळून कलंडले व बत्तीस माणसे दगावली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो उतारूंची कवाईत व्हावयाची होती. तेव्हापासून नियम बदलला. १ जानेवारी २०१५ पासून आंतरराष्ट्रीय प्रवासाच्या जहाजांवर ही कवाईत सुटण्यापूर्वी किंवा सुटताच घेणे बंधनकारक आहे. आमचा प्रवास देशातल्या देशात होता, परंतु शिस्त तीच. ‘रामदास’नंतर आपल्याकडेही उतारूंच्या बोटींवर बिनतारी यंत्र सक्तीचे झाले आणि पावसाळ्यात ती वाहतूक बंद ठेवण्याचा निर्णय झाला. समुद्रावरील प्रत्येक नियमामागे कोणाच्या तरी घरचे श्राद्ध आहे, असे त्या रात्री आमच्या मनात आले. ज्यांस हे ठाऊक आहे, त्यांस कवाईतीचा कंटाळा येत नाही.

दिवस कलू लागला तेव्हा जहाज हलले. हलल्याचे प्रथम कळलेच नाही. धक्काच मागे सरकू लागला, असे वाटले. डाव्या हातास घारापुरीचा डोंगर, उजव्या हातास गेटवेची कमान आणि ताजमहाल हॉटेलाचा घुमट. ज्या मुंबईत आम्ही जन्म काढला, ती पाण्यावरून पाहण्यास साठी उलटावी लागली, याचे बंधूंस नवल वाटले. कुलाब्याच्या टोकापुढे, भर पाण्यात उभा असलेला १८७५ सालचा प्राँग्जचा दीपस्तंभ मागे पडला. बंदरातून जहाज बाहेर काढून देण्यास आलेला वाटाड्या, ज्यास पायलट म्हणतात, दोराच्या शिडीवरून खाली उतरून आपल्या लहानशा बोटीत बसला व परतला. आता आमच्यापुढे उघडा समुद्र होता. पश्चिमेस सूर्य पाण्याला टेकला होता आणि बहुतेक उतारू छायाचित्रे काढण्यासाठी त्या बाजूस लोटले होते.

आत्याबाई मात्र पूर्वेच्या कठड्याशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. आम्ही सारे हळूहळू तिकडे गेलो. धाकटा पुतण्या आपल्या फोनवरील नकाशा पाहून म्हणाला, “आजी, गल बेट असेल तर ते या बाजूला, साधारण त्या दिशेने.” त्याने बोट दाखविले तेथे पाण्यावर एक काळसर रेघ दिसली, ते बेट होते की सांजसावली, हे आम्हांस खात्रीने सांगता येणार नाही. त्याच्या मागे किनाऱ्याची अंधुक कडा. तेथेच कोठे तरी रेवसचा धक्का. म्हणजे किनारा किती थोडा उरला होता! अठ्ठ्याहत्तर वर्षे आमच्या घरात ज्या जागेचे नाव काढले जात नसे, ती जागा शांत, निळसर आणि अगदी साधी होती.

आत्याबाईंनी पिशवीतून निरांजन काढले, फुलवात लावली आणि ते मांडीवर ठेवले. ज्योत नव्हती. त्यांनी हात जोडले. आम्ही सर्वांनी जोडले. नातीने विचारले, “पणजी, दिवा पेटवायचा नाही का?” आत्याबाई म्हणाल्या, “जहाजाचा नियम आहे, बाई. देव न पेटलेलाही घेतो.” एवढ्यात दक्षिणेस पाण्यावर एक प्रकाश लखकन चमकला आणि मावळला, थोड्या वेळाने पुन्हा चमकला. तो खांदेरीचा दीपस्तंभ. शिवाजीमहाराजांनी १६७९ साली ज्या बेटावर इंग्रज आणि सिद्दी यांच्या नाकावर टिच्चून दुर्ग उभारला, आणि जो २०२५ साली जागतिक वारशाच्या यादीत गेला, त्याच बेटावर १८६७ पासून हा दिवा आहे. नात आनंदाने म्हणाली, “तो बघा, पेटला!” आत्याबाईंनी डोळे पुसले की नाही, अंधारात दिसले नाही.

रात्री जेवणाच्या वेळी वाद्ये वाजत होती, मुले नाटकगृहात गेली. पुतण्या मात्र जाण्याआधी खोलीत डोकावून सांगून गेला, “आजी, मी आणि ही नाटकाला जातो आहोत. दहाला परत.” आत्याबाईंनी मान डोलावली. दहाला पाच मिनिटे असताना दोघे परत आली. मग आत्याबाईंनी नऊ माणसे मोजली, जाकिटे कपाटात कोठे आहेत ते एकवार पाहिले आणि अंथरुणावर पडल्या.

दिवा मालवावयास आम्ही उठलो तेव्हा त्या जाग्याच होत्या. खाली पाण्याचा मंद घुमारा ऐकू येत होता. “पेण-वडखळवरून जाता जाता कंबर मोडते रे माझी,” त्या म्हणाल्या. “पुढच्या खेपेस गावी बोटीनेच जाऊ.” आणि थोड्या वेळाने, आम्ही झोपलो असे समजून, हळूच पुढे म्हणाल्या, “मात्र पावसाळा सरल्यावर.”