क्ले रस्त्यावरची शाळा

सॅन फ्रान्सिस्को शहरात क्ले नावाचा एक रस्ता आहे. समुद्रकाठापासून निघालेला हा रस्ता सरळ टेकडीवर चढत जातो. चढ इतका तीव्र, की घोड्यांची दमछाक होई. म्हणूनच १८७३ साली पोलादी दोराने ओढली जाणारी केबल कार सर्वप्रथम याच रस्त्यावर धावली. शहर पाहायला येणारे आपले लोक गोल्डन गेट पूल पाहतात, किनाऱ्यावरचे समुद्रसिंह पाहतात आणि चायनाटाउनच्या ड्रॅगन दरवाजापाशी छायाचित्र काढून परततात. क्ले रस्ता चढण्याचे कष्ट फारसे कोणी घेत नाही. तथापि अमेरिकेला शंभराहून अधिक वर्षे छळणाऱ्या एका प्रश्नाचा इतिहास या रस्त्याच्या अवघ्या तीन-चार चौकांत सामावलेला आहे. परदेशातून आलेल्या मुलाला शाळेने कोणत्या भाषेत शिकवावे, हा तो प्रश्न.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबांची मुले-नातवंडे आज त्या देशात आहेत. माझा मुलगाही फ्रीमाँटला असतो. त्याच्याकडे मुक्काम असताना मे महिन्यातील एका सकाळी मी बार्ट रेल्वेने शहरात गेलो आणि हा रस्ता पायी चढलो. जे पाहिले आणि त्याअनुषंगाने जे वाचले, ते येथे मांडतो.

पहिला थांबा पोर्ट्समथ चौक. चौक म्हणजे प्रत्यक्षात एक लहानसे उद्यान. धुके अजून विरले नव्हते, तरी बाकांवर वृद्ध चिनी मंडळी अंगात जाड कोट घालून पत्त्यांचे आणि पटाचे डाव मांडून बसली होती. सभोवती सगळा संवाद कँटनीज भाषेत. दुकानांच्या पाट्या चिनी, भाजीवाल्याचा पुकारा चिनी, औषधांच्या दुकानातील बरण्यांवरची अक्षरेही चिनी. कॅलिफोर्नियातील पहिल्या सार्वजनिक शाळेची इमारत १८४७ साली याच चौकाच्या कडेला उभी राहिली आणि १८४८ च्या एप्रिलमध्ये तेथे वर्ग सुरू झाले, असे सांगणारा स्मृतिफलक येथे आहे. पुढील वर्षी, १८४९ साली, कॅलिफोर्नियाची पहिली राज्यघटना तयार झाली. राज्याचे कायदे इंग्रजी आणि स्पॅनिश या दोन्ही भाषांत प्रसिद्ध व्हावेत, अशी तरतूद तिच्यात होती. १८७९ च्या नव्या घटनेत ती राहिली नाही. म्हणजे, आज जी भाषा तेथे स्थानिक मानली जाते, तीही एकेकाळी नवागतांचीच होती.

चौकातून वर चढत ग्रँट आणि स्टॉक्टन हे दोन रस्ते ओलांडले की उजव्या-डाव्या बाजूंना जुन्या इमारती लागतात. एक आहे चिनी-अमेरिकन इतिहासाचे संग्रहालय. ही वास्तू ज्युलिया मॉर्गन या प्रसिद्ध महिला वास्तुविशारदाची. तिच्या समोरच गॉर्डन लाऊ प्राथमिक शाळा. या शाळेची वंशावळ एका आठ वर्षांच्या मुलीपर्यंत जाते. तिचे नाव मेमी टेप. १८८४ साली तिच्या आईवडिलांनी तिला जवळच्या सरकारी शाळेत घालायचे ठरविले. ती चिनी वंशाची म्हणून मुख्याध्यापिकेने प्रवेश नाकारला. प्रकरण न्यायालयात गेले. १८८५ साली राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने मुलीच्या बाजूने निकाल दिला. परंतु शिक्षण मंडळाने कायद्यात बदल करवून घेतला आणि चिनी मुलांसाठी वेगळी शाळाच काढली. मेमीला तिकडे जावे लागले. पुढे हीच परंपरा क्ले रस्त्यावरच्या या शाळेत आली.

या हकिकतीतील विपर्यास लक्षात घेण्याजोगा आहे. टेप कुटुंबात इंग्रजी बोलली जाई. मेमीला वर्गात बसवले असते, तर तिला सारे समजले असते. भाषा होती, पण दार बंद होते. नव्वद वर्षांनी याच वस्तीतील मुलांच्या बाबतीत नेमके उलटे घडले. दार उघडे होते, पण भाषा नव्हती.

१९६५ साली अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलला आणि हाँगकाँगकडून सहकुटुंब येणाऱ्यांची संख्या वाढली. वडील उपाहारगृहात, आई शिवणकामाच्या कारखान्यात, आणि मूल सरकारी शाळेत. शाळेत बाके सारखी, पुस्तके सारखी, शिक्षक सारखेच. फक्त शिक्षक काय बोलतात ते मुलाला कळत नसे. १९७० साली लाऊ नावाच्या एका मुलाच्या आणि त्याच्यासारख्या इतरांच्या वतीने शिक्षण मंडळाविरुद्ध दावा दाखल झाला. न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार इंग्रजी न येणाऱ्या चिनी मुलांपैकी सुमारे १,००० मुलांना इंग्रजीची जादा शिकवणी मिळत होती, तर सुमारे १,८०० मुलांना कोणतेही साहाय्य नव्हते. खालच्या दोन्ही न्यायालयांनी दावा फेटाळला. प्रत्येक मूल घरून काही जमेच्या आणि काही उण्या बाजू घेऊन येते, त्याला शाळा काय करणार, असा अपील न्यायालयाचा सूर होता. २१ जानेवारी १९७४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल एकमताने फिरवला. ज्या मुलाला इंग्रजी कळत नाही, त्याच्यापुढे इतरांसारखेच इंग्रजी पुस्तक ठेवले म्हणजे समान वागणूक झाली असे होत नाही, हे या निकालाचे सार. आधार होता १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचा. (शाळेच्या नावातील गॉर्डन लाऊ हे मात्र १९७७ साली शहराच्या पर्यवेक्षक मंडळावर निवडून आलेले चिनी-अमेरिकन नेते. आडनाव एक, व्यक्ती वेगळ्या.)

या निकालाबद्दल एक गोष्ट आपल्याकडे सहसा सांगितली जात नाही. मुलांना मातृभाषेतूनच शिकवा, असे न्यायालयाने म्हटलेले नाही. इंग्रजी नीट शिकवणे हा एक मार्ग, चिनी भाषेतून शिकवणे हा दुसरा, याखेरीजही मार्ग असू शकतील, असे सांगून निवड शिक्षण मंडळावर सोपवली. शिवाय न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी स्वतंत्र मत नोंदवून बजावले, की येथे प्रश्न १,८०० मुलांचा आहे. एखाद्-दुसऱ्या मुलाच्या बाबतीत हा निकाल निर्णायक मानता येणार नाही. बँकेत चौतीस वर्षे काढलेल्या माझ्यासारख्या माणसाला हा मुद्दा फार मोलाचा वाटतो. तत्त्व कितीही चांगले असले, तरी शिक्षक नेमायचे म्हणजे पटसंख्या पाहावीच लागते.

याच वस्तीतील पालकांचा आग्रह आणखी एका गोष्टीतून दिसतो. १९७१ साली वर्णभेद मोडण्यासाठी शहरातील मुलांना बसने दूरच्या शाळांत पाठविण्याचा आदेश निघाला. चायनाटाउनच्या पालकांनी त्याला विरोध केला. विरोधाचे एक कारण असे, की मुले उशिरा घरी आली तर शाळेनंतरचे चिनी भाषेचे वर्ग बुडतील. स्थगिती मागितली ती न्यायमूर्ती डग्लस यांनी नाकारली. पुढे लाऊ निकाल लिहिणारे न्यायमूर्तीही हेच. स्थगिती मिळाली नाही तेव्हा पालकांनी काही काळ स्वतःच्या शाळा चालवल्या. क्ले रस्ता ओलांडणाऱ्या स्टॉक्टन रस्त्यावर चिनी संघटनेची जुनी इमारत आहे. तेथे मुलांना चिनी शिकविण्याची परंपरा दीर्घकाळाची आहे आणि ती समाजाने आपल्या पैशाने जपली आहे.

मग सगळे नवागत पालक मातृभाषेच्याच बाजूचे असतात काय? तसेही नाही. १९९६ साली लॉस एंजेलिसमध्ये शिवणकाम करणाऱ्या स्पॅनिशभाषक पालकांनी एका शाळेवर बहिष्कार घातला. त्यांची तक्रार होती, की आमची मुले वर्षानुवर्षे स्पॅनिश वर्गातच अडकली आहेत, त्यांना इंग्रजी शिकवा. या असंतोषाच्या बळावर १९९८ साली कॅलिफोर्नियात जनमत घेऊन द्विभाषिक शिक्षणावर कडक निर्बंध घातले गेले. साधारण एक वर्ष इंग्रजीची खास तयारी करून घ्यायची आणि मग मुलाला नेहमीच्या वर्गात बसवायचे, असे ठरले. पुढे २०१६ साली याच राज्याच्या मतदारांनी मोठ्या बहुमताने हे निर्बंध उठवले. मध्यंतरी, २०१४ साली, स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला होता. कॅलिफोर्नियातील एका मोठ्या शहराच्या शाळांतील लॅटिनो मुलांचा तो अभ्यास. द्विभाषिक वर्गातील मुले आरंभी इंग्रजीत मागे राहतात, परंतु माध्यमिक इयत्तांपर्यंत पोहोचता पोहोचता त्यांच्यापैकी अधिक मुले इंग्रजीत पक्की ठरतात, असे त्यात आढळले.

हे सर्व पाहून माझे मत बनले, ते हिशेबाच्या भाषेत सांगतो. नवी खातेवही उघडताना आपण मागील शिल्लक पुढे ओढतो. सहा वर्षांचे मूल शाळेत येते, तेव्हा त्याच्या खात्यात हजारो शब्द, मोजदाद, गोष्टी, नातीगोती हे सारे जमा असते. शाळेने आरंभीची शिल्लक शून्य धरली, तर मूल निर्धन ठरते. वास्तविक ते निर्धन नसते, त्याचे चलन वेगळे असते. मातृभाषेतून शिकवणे म्हणजे त्या चलनाची अदलाबदल करणारी खिडकी. पण खिडकी ही खिडकीच असावी. तेथेच कायमचे थांबवून ठेवले, तर लॉस एंजेलिसच्या पालकांची तक्रार रास्त ठरते. म्हणून नवी भाषा पहिल्या दिवसापासून, विषयाचे आकलन मातृभाषेच्या आधाराने, आणि मूल कुठवर आले याची दरवर्षी तपासणी, हा मार्ग मला व्यवहार्य वाटतो.

येथे कोणी विचारील, की आपल्या वाडवडिलांना असा आधार कुठे मिळाला? माझे बालपण नगर जिल्ह्यातील एका बाजारपेठेच्या गावी गेले. घरी मारवाडी, शाळेत मराठी. कोणतीही अडचण आली नाही, हे खरे. पण त्याचे कारण शाळेत नव्हते, गल्लीत होते. शाळेत जाण्यापूर्वीच आम्ही मराठी मुलांत विटीदांडू खेळत होतो, दुकानावर बसून गिऱ्हाइकांचे मराठी ऐकत होतो. दोन्ही भाषा एकमेकींच्या जवळच्या. चायनाटाउनच्या मुलाला गल्लीतही इंग्रजी भेटत नाही आणि कँटनीजचे इंग्रजीशी दूरचेही नाते नाही. मुंबईत तर महापालिकेने मराठीखेरीज गुजराती, हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी माध्यमाच्या शाळा चालवल्या. आपल्यापैकी कित्येक घरांतील वडीलधारी मंडळी त्या गुजराती शाळांत शिकून व्यापारात उभी राहिली. तेव्हा आधार मिळालाच नाही, असे म्हणता येत नाही.

अमेरिकेतील आपल्या नातवंडांची गोष्ट मात्र निराळी आहे. त्यांचे आईवडील उच्चशिक्षित, घरात इंग्रजी पुस्तके, मूल शाळेत जाण्याआधीच इंग्रजी बोलते. त्याला वर्गात सारे कळते. त्याच्यासाठी सरकारी शाळेने मराठी वा गुजराती शिक्षक नेमावा, ही अपेक्षा मला न्याय्य वाटत नाही. न समजणाऱ्या मुलाला समजावणे हे शाळेचे कर्तव्य. समजणाऱ्या मुलाची मायबोली टिकवणे हे घराचे आणि समाजाचे. तेथील महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा सुटीच्या दिवशी भरतात, स्वयंसेवक पालक शिकवतात. स्टॉक्टन रस्त्यावरच्या चिनी मंडळींनी केले तेच हे. नातवंडांना मराठी येत नाही अशी खंत आपण वारंवार ऐकतो. त्या घरांनी आधी पाहावे, की आठवड्यातून दोन तास मुलाला तेथे पोहोचविण्याची तयारी आहे का, आणि फोनवर आजी-आजोबा स्वतः कोणत्या भाषेत बोलतात.

परंतु क्ले रस्त्यावरच्या त्या १,८०० मुलांशी ज्यांचे खरे साम्य आहे, ती मुले आपल्या अगदी जवळ आहेत. आपल्या कारखान्यांत, गोदामांत, बांधकामांवर ओडिशा, बिहार, झारखंडकडून आलेले कामगार आहेत. त्यांची मुले गावातील मराठी शाळेत मागच्या बाकावर बसतात. आपल्या राज्यघटनेच्या ३५० अ या अनुच्छेदात भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी असे म्हटले आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदाही शक्य तेथवर मातृभाषेचे माध्यम असावे असे सांगतो. सुरतेच्या महापालिकेने ओडिया आणि मराठी माध्यमाच्या शाळा चालवून हे करता येते हे दाखवले आहे. खानदेशातून तेथे गेलेल्या कुटुंबांना त्याचा लाभ झाला.

प्रत्येक गावी वेगळी शाळा निघणार नाही, आणि न्यायमूर्ती ब्लॅकमन यांचा पटसंख्येचा मुद्दा येथेही लागू आहेच. पण कामगारांच्याच वस्तीतील एखादी दहावी-बारावी शिकलेली मुलगी मानधनावर नेमून, तिने रोज दोन तास शाळेत बसून त्या मुलांना त्यांच्या भाषेत धडा उलगडून सांगावा आणि मराठीही शिकवावी, इतकी सोय दहा-पंधरा मुले असतील तेथे सहज होऊ शकते. खर्च एका दुकानाच्या महिन्याच्या चहापाण्याहून फार मोठा नाही. शाळांना खोल्या, पंखे, पाण्याच्या टाक्या देणारे दाते आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांनी एखादे वर्ष या कामासाठी द्यावे, इतकीच विनंती.