आजी, तुला नेमकं काय पटलं होतं?

आजी,



१३ ऑक्टोबर १९३५. येवल्याच्या परिषदेला सुमारे १०,००० माणूस लोटला होता, त्यात जेमतेम पंधरा वर्षांची तू. बाबासाहेब काय बोलले, असं विचारलं की तू त्यांचा कोट सांगायचीस, आवाज सांगायचीस, शेजारच्या बाया कशा रडत होत्या ते सांगायचीस. हिंदू म्हणून मरणार नाही असं ते म्हणाले, हे मात्र अगदी शेवटी. का गं?

पुढे मानसशास्त्र शिकताना पेटी आणि कॅचिओपो या अमेरिकी अभ्यासकांचं म्हणणं वाचलं. माणसाचं मत दोन वाटांनी बदलतं. एकीवर तो कारणं तपासतो. दुसरीवर बोलणाऱ्याचा रुबाब, त्याचं नाव, गर्दीतली भावना यांच्यामागे जातो, आणि असं बदललेलं मत फार टिकत नाही. या हिशेबानं तुझं मत घरी पोचेपर्यंत विरायला हवं होतं.

विरलं नाही. आपल्या माणसाच्या अंगावर धड कापड दिसलं तरी गावाच्या डोळ्यांत खुपायचं, त्या काळात कोट घालून ताठ उभा असलेला आपलाच माणूस! याहून मोठं कारण कुठलं हवं होतं तुला? आणि काळाराम मंदिराचं दार? २ मार्च १९३० पासून दादासाहेब गायकवाडांबरोबर आपली माणसं नाशकात सत्याग्रह करत होती. तुझा बापही मार खाऊन आला होता. पाच वर्षांत दार उघडलं नाही. त्या बाया उगाच नव्हत्या रडत, आजी. त्यांचा विचार आधीच करून झाला होता.

बाबासाहेबांनीही नुसत्या भावनेवर भागवलं नाही. मे १९३६ मध्ये मुंबईत ‘मुक्ती कोन पथे?’ या भाषणात धर्मांतराची एकेक बाजू उलगडून मांडली, आणि बौद्ध धम्माची दीक्षा घेतली थेट १४ ऑक्टोबर १९५६ ला. येवल्यापासून २१ वर्षं! डीजेच्या भिंती आणि बॅनरची उंची बघून नेता ठरवणाऱ्या आपल्या पोरांना हे थांबणं कसं समजावू?

त्या वर्षांबद्दल तू कधी बोलली नाहीस, हा माझा खरा रुसवा. देव्हाऱ्यातले टाक तू विहिरीत सोडलेस आणि आजोबांनी अन्न टाकलं, एवढंच आत्यानं सांगितलं. मग एक दिवस ते आपणहून पाटावर येऊन बसले म्हणे. काय सांगितलंस त्यांना? एकेक कारण समोर मांडलंस, की नुसती रडलीस? आत्यालाही ठाऊक नाही.

तुझा नातू