चावीची गाडी

डिसेंबरचा तिसरा आठवडा उलटला की इलेक्ट्रॉनिक सिटी ओसरू लागते. होसूर रोडवरच्या उड्डाणपुलावरची सकाळची रांग विरळ होते, कंपन्यांच्या बस अर्ध्या रिकाम्या धावतात आणि रात्री अकराच्या मीटिंगांना पूर्णविराम मिळतो. कारण साधं आहे. शिकागो, लंडन आणि श्टुटगार्टची मंडळी नाताळच्या सुटीवर गेलेली असतात. सण त्यांचा, उसंत आमची. इथल्या कितीतरी मराठी घरांत नाताळ असा कामाच्या दारातून आत आला. कुणाकडे केक होऊन आला, कुणाकडे ऑफिसातल्या भेटवस्तूंच्या चिठ्ठ्या होऊन. माझ्याकडे तो पत्र्याच्या रुळांवरून आला.

माळ्यावरची ट्रंक या दिवसांत खाली उतरते. आत जुन्या सुती साडीच्या तुकड्यांत गुंडाळलेल्या गाड्या असतात. हॉर्नबी या इंग्रजी खेळणी-कंपनीचं हिरव्या रंगाचं एक इंजिन, मुंबईच्या चोरबाजारात मिळालेलं. दोन मालडबे, एकाचं दार सरकतं, दुसऱ्याचं कायमचं अडकलंय. एक जपानी गाडी, जिच्या खिडक्यांत माणसं छापलेली आहेत आणि सगळी एकाच दिशेला बघतायत. काही रूळ श्टुटगार्टला कामानिमित्त गेलेल्या मैत्रिणीने तिथल्या जुन्या बाजारातून आणलेले. ट्रंक उघडली की शिलाई मशीनच्या तेलाचा आणि जुन्या पत्र्याचा वास खोलीभर होतो. हा वास मला कुठल्याही धूपापेक्षा प्रिय आहे.

पत्र्याची गाडी घडते कशी, हे कळल्यापासून मी तिच्याकडे अधिक प्रेमाने बघते. लोखंडाचा पातळ पत्रा, त्यावर कथलाचा मुलामा. तो सपाट असतानाच त्यावर सगळं छापून घ्यायचं: खिडक्या, रिव्हेटांचे ठिपके, दारांच्या मुठी, सोनेरी रेघा. मग साच्याने कापायचा, दुमडायचा आणि एका बाजूच्या इवल्या जिभा दुसऱ्या बाजूच्या फटींत घालून वळवायच्या. जोड नाही, डाग नाही. पत्र्यावर असं छापायची युक्ती इंग्लंडमध्ये रॉबर्ट बार्कलेने 1875 मध्ये पेटंट केली आणि ती आधी कामी आली ती बिस्किटांच्या डब्यांना. ज्या डब्यांत आपल्या आज्यांनी पुढे सुया, दोरे, बटणं, जायफळं जपली, त्या डब्यांची आणि या आगगाड्यांची भावकी एकच. हॉर्नबीने तर 1920च्या दशकात बिस्किट कंपन्यांची नावं रंगवलेले मालडबेच विकायला काढले होते. डब्याने डब्याचं ऋण फेडलं म्हणायचं.

माझ्या जपानी गाडीचं कूळ याहून गरीब आहे. दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा जपानमध्ये खेळण्यांसाठी पत्राच नव्हता. ओत्सू गावात मात्सुझो कोसुगे नावाच्या कारागिराने अमेरिकी सैनिकांनी खाऊन टाकलेले अन्नाचे डबे गोळा केले, धुतले, सपाट केले आणि 1945च्या डिसेंबरात त्यांच्याच जीपगाडीचं खेळणं बनवून विकलं. पुढे 1947नंतर परदेशी जाणाऱ्या खेळण्यांच्या पोटावर ‘व्याप्त जपानमध्ये बनवलेलं’ असा शिक्का असे. हरलेल्या देशाने जिंकणाऱ्याच्या उष्ट्या डब्यांतून त्याच्याच मुलांसाठी खेळणी घडवली. पत्रा उलटा करून बघणाऱ्याला इतिहास असा अधूनमधून पोटावर लिहिलेला सापडतो.

पण ही गाडी नाताळलाच का धावते? झाडाभोवती रूळ मांडायची रीत जर्मनीत, इंग्लंडात, अमेरिकेत इतकी रुजली ती कशामुळे? याचं उत्तर शोधताना मला एक बाई भेटली. ग्योपिंगन हे श्टुटगार्टजवळचं गाव. तिथे 1859 मध्ये थिओडोर मेर्कलिनने पत्र्याची भातुकली बनवायला सुरुवात केली: बाहुलीच्या स्वयंपाकघराची भांडी, चुली, झारे. ती विकायला त्याची बायको कॅरोलिन दक्षिण जर्मनीत आणि स्वित्झर्लंडमध्ये हिंडायची. नवरा 1866 मध्ये वारला. तिने धंदा सोडला नाही, मुलं हाताशी येईपर्यंत सांभाळला. आणि याच घराण्याने 1891च्या लाइप्झिगच्या जत्रेत इंग्रजी आठाच्या आकाराच्या रुळांवर धावणारी चावीची गाडी मांडली. रुळांमधलं अंतर ठरवून दिलेलं, मापांना आकडे दिलेले.

मला यात भातुकली दिसते. भातुकली एका दिवसात पुरी होत नाही. यंदा पोळपाट, पुढच्या वर्षी किसणी, मग शेगडी. माप ठरलेलं असलं की यंदाचा रूळ गेल्या वर्षीच्या रुळाला बसतो. म्हणजे एका नाताळला इंजिन आणि वर्तुळ, पुढच्याला सांधा, त्यापुढे डबा, मग फलाट, सिग्नल, बोगदा. मुलाला दर वर्षी मागायला काहीतरी उरतं आणि बापाला द्यायला. यात व्यापार होता, हे उघडच आहे. तिकडे न्यूयॉर्कमध्ये 1900च्या सुमारास जोशुआ लायोनेल कोवेनने दुकानाच्या काचेत गिऱ्हाईक खेचण्यासाठी विजेवर फिरणारी एक उघडी वाघीण ठेवली, तर लोक आतला माल सोडून वाघीणच मागू लागले. पण व्यापाराने रुजवलेल्या रीतीलाही घर कधीतरी आपलंसं करून टाकतं.

आपल्याकडे दिवाळीचा किल्ला असाच वाढतो. माती दर वर्षी नवी, पण मावळे जुनेच. एखादा तलवार मोडलेला, एखादा रंग उडालेला, आणि त्यांच्यात यंदाच्या बाजारातला एक नवा गवळी. शिवाजी महाराज मात्र कागदात गुंडाळून वर्षभर जपलेले. माझ्या लहानपणी किल्ला भावाचा असे आणि चावीची गाडीही त्याचीच. ती किल्ल्याच्या पायथ्याशी गोल फिरायची आणि मला फाटक उघडझाप करायचं काम मिळायचं. माझ्या वाट्याला भातुकली होती. गाड्यांचं हे घराणं एका भातुकली विकणाऱ्या बाईने तगवलं, हे वाचलं त्या दिवशी मला जे वाटलं ते सूड म्हणण्याइतकं तिखट नव्हतं, पण गोड मात्र होतं.

बंगळूर अशा गाड्यांना मानवतं. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटर उंची, डिसेंबरची कोरडी थंडी. मुंबईच्या खाऱ्या दमट हवेत पत्र्यावरचा कथलाचा मुलामा जिथे ओरखडला असेल तिथे गंज बोट घालतो आणि मग छापलेल्या रंगाखालून आत आत सरकतो. इथे तो बराच सुस्तावतो. गाड्या मिळतात मात्र कमी. चिकपेटजवळच्या रविवारच्या बाजारात घड्याळं, कुलपं, रेडिओचे सांगाडे यांच्या ढिगात कधी एखादं सुटं चाक, कधी एखादी चावी. चावी आधी मिळते, गाडी मागाहून. कधी नाहीच मिळत. तशा बेवारस चाव्यांची एक डबीच माझ्याकडे झाली आहे.

रूळ मांडायचे ते जमिनीवर. सतरंजीवर मांडले तर खचतात, नुसत्या फरशीवर मांडले तर खालच्या मजल्यावरच्यांना वाटतं आपल्या डोक्यावर गिरणी सुरू झाली. म्हणून प्लायवूडचा तुकडा, त्याखाली जुनं ब्लँकेट. शेजारच्या केरळी कुटुंबाने गॅलरीत कागदी तारा लावलेला असतो, आमचा आकाशकंदील अजून उतरलेला नसतो. संध्याकाळी मजल्यावरची पोरं जमतात: एक तमिळ, एक बंगाली, दोघं कन्नड, एक आमचा कोल्हापूरचा. सगळी पोटावर पालथी पडतात, कारण गाडी डोळ्यांच्या पातळीवर आणली की ती खरी होते.

चावी पूर्ण भरलेली गाडी एकटी सोडायची नाही. स्प्रिंग नवी ताणलेली असते, इंजिन उधळतं आणि पहिल्या वळणावर, फूटभर त्रिज्येच्या त्या अरुंद वळणावर, आडवं होतं. मागे ओझं हवं. डबे जोडले की ते शहाणं होतं. पहिली फेरी धावत, दुसरी ऐटीत, मग हळूहळू धिम्या पावलांनी. शेवटच्या फेरीत चाकांची खरखर सुटी सुटी ऐकू येते आणि गाडी थांबते ती नेहमी फलाटाच्या थोडी अलीकडे. मग चार गळे एकदम: “इन्नोंद सल, आंटी!” कोल्हापूरकरही आता तसंच म्हणतो. पुढची चावी कोणी भरायची, यावर रोजचं भांडण होतं आणि ते भांडणही खेळातच मोजायचं.

गॅलरीतून होसूर रोडवरच्या खांबांवर चढलेली पिवळी मेट्रो दिसते. ऑगस्ट 2025 मध्ये ती सुरू झाली, आर. व्ही. रोडपासून बोम्मसंद्रापर्यंत, 19 किलोमीटर, आणि तिच्या गाड्या चालकाविना धावू शकतील अशा बांधलेल्या आहेत. आमच्या कोनप्पन अग्रहारावरून ती सरकत जाते तेव्हा मुलं वर बघतातही. पण ती कोणाकडे काही मागत नाही. पत्र्याची गाडी सारखी मागते: चावी, तेल, धक्का, उचलून पुन्हा रुळावर ठेवणारा हात.

हुबेहूबपणाची आवड असणाऱ्यांसाठी पुण्यात भाऊ जोशींचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे, कोथरूडमध्ये, 1998 पासूनचं. तिथे डोंगर, सिग्नल, पूल, धावत्या गाड्या सगळं इतकं नेमकं आहे की बघणारा क्षणभर राक्षस होतो. मी तिथे गेले की हात पाठीमागे बांधते. पत्र्याची गाडी त्या वाटेलाच जात नाही. जिथे आठ चाकं हवीत तिथे चार, इंजिनाच्या कुशीत कर्णफुलाएवढी चावी, आणि रूळ कोणत्याही इंजिनिअरने कपाळावर हात मारावा असे. ती आगगाडी असल्याचा आव आणत नाही. उरलेली आगगाडी मुलाने आणायची असते, तोंडाने आवाज काढत.

संग्राहकांमध्ये एक जुना वाद आहे: ठेवायची की चालवायची? मूळ खोक्यासकट, ओरखडा नसलेल्या गाडीला भाव चढतो. चालवली की रंग झिजतो, भाव उतरतो. म्हणून कितीतरी गाड्या काचेआड उभ्या आहेत. पण पत्रा आणि धातू आपला हिशोब वेगळा ठेवतात. 1930च्या दशकातल्या पुष्कळ इंजिनांची ओतीव चाकं जस्ताच्या मिश्रधातूची होती. त्यात शिशाची भेसळ राहून गेली असेल, तर ती चाकं खोक्यात पडल्या पडल्याच फुगतात, तडकतात आणि भुगा होतात. कोणी हात न लावताही. स्प्रिंगवरचं तेल न फिरवल्याने चिकट होतं, मग दातेरी चाकं हलेनाशी होतात. काच कशालाच वाचवत नाही. ती फक्त आपल्याला वाचवते, खेळण्यापासून.

म्हणून माझा कौल चालवण्याच्या बाजूने आहे. तुमच्या माळ्यावर अशी एखादी गाडी असेल तर या सुटीत खाली काढा. पाणी लावू नका, कोरड्या मऊ कापडाने पुसा. आसांवर शिलाई मशीनच्या तेलाचा एकेक थेंब, जास्त नको. चावी शेवटपर्यंत पिळू नका आणि भरलेली स्प्रिंग तशीच ताणून ट्रंकेत ठेवू नका, पुरती उतरू द्या. पहिली चावी घरातल्या सर्वांत लहान हाताला भरू द्या, आणि घरात भाऊ-बहीण असतील तर ती बहिणीला.